आधी चांगले सांगा

मुलांनो, शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली हे गाव तुम्ही पाहिले आहे का? तेथे मोर शेतांत मोकळे फिरतात. लहानपणी मी मामांच्या कॅमेऱ्याने तेथे फोटो काढले. रोल धुऊन आला, तेव्हा सगळे हसले. "यात मोर कुठे आहे?" भावाने विचारले. मी रडवेला झालो. कॅमेरा मामांना परत देऊ लागलो.

मामांनी फोटो नीट पाहिले. ते म्हणाले, "सकाळचे ऊन तू छान टिपलेस. पण मोर ठिपक्याएवढा दिसतो. त्याच्यामागे धावू नकोस. एका जागी गप्प बस. तो जवळ येईल." मी पुन्हा चिंचोलीला गेलो.

आता मीही मामा झालो आहे. माझी भाची दौंडला राहते. परवा दौंड स्टेशनवर तिने मोबाइलवर आजीचा फोटो काढला. आजीच्या डोक्यातून खांब उगवलेला दिसत होता! मी हसू आवरले. म्हणालो, "आजीचे हसू सुंदर आले आहे. आता दोन पावले बाजूला सरक." दुसऱ्या फोटोत खांब नव्हता.

मुलांनो, चूक जरूर दाखवा. पण ती सुधारण्याची वाटही दाखवा.