प्रेक्षकांवाचून एक हंगाम

प्रेक्षकांवाचून खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलच्या सामन्यास जर्मन लोक ‘भुतांचा सामना’ असे म्हणतात. हा शब्द त्यांच्या भाषेत पूर्वीपासून आहे. एखाद्या संघाच्या पाठीराख्यांनी दंगा केला म्हणजे शिक्षा म्हणून त्या संघास रिकाम्या मैदानात खेळावयास लावण्याचा दंडक युरोपात आहे. तथापि २०२० साली महामारीमुळे जगातील बहुतेक मैदाने ओस पडली, आणि जी शिक्षा क्वचित एखाद्यास होई ती सर्वांच्याच वाट्यास आली. मोठ्या देशांपैकी जर्मनीनेच प्रथम धैर्य केले. त्यांची बुंडेसलीगा ही १९६३ साली सुरू झालेली अव्वल स्पर्धा. अठरा संघ, प्रत्येकाचे चौतीस सामने. मार्चमध्ये थांबलेली ही स्पर्धा १६ मे २०२० रोजी पुन्हा सुरू झाली. डॉर्टमुंड येथील मैदानात ऐंशी हजारांहून अधिक माणसे मावतात. तेथे त्या दिवशी जवळच्याच शाल्के संघाचा ४-० असा पराभव झाला आणि विजयी खेळाडू रिवाजाप्रमाणे दक्षिणेकडील सज्जापुढे वंदन करण्यास गेले. सज्जात कोणीही नव्हते! म्यॉन्शेनग्लाडबाख येथे तर लोकांनी आपली पुठ्ठ्याची छायाचित्रे कापून आसनांवर ठेवली.

हे मी वर्तमानपत्रात वाचले तेव्हा नागपूरहून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यांनी मजुरांचे तांडे पायी चालले होते. आमच्या सौंसरची मंडळी त्यांस पाणी, पोळ्या आणि जुनी पादत्राणे देत होती. अशा वेळी कोठे तरी बावीस तरुण, वारंवार तपासण्या करवून घेऊन, एका चेंडूमागे धावताहेत ही कल्पना मला रुचली नाही. आणि मी ते बोलूनही दाखविले.

त्याच वर्षाच्या अखेरीस तोच प्रकार आपल्या देशात, गोव्याच्या भूमीवर, अधिक मोठ्या प्रमाणात घडला. क्रिकेटची आयपीएल त्या वर्षी अरबी अमिरातीत नेण्यात आली होती. फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगने मात्र घर सोडले नाही. २० नोव्हेंबर २०२० ते १३ मार्च २०२१ या काळात अकरा संघांनी एकूण ११५ सामने तीनच मैदानांवर खेळून पुरे केले. मडगावचे फातोर्डा, बांबोळीचे मैदान आणि वास्कोचे टिळक मैदान, ही ती तीन होत. केरळचा संघ ‘आपल्या घरी’ खेळतो आहे असे फलकावर लिहिलेले असे. पण ते घर गोव्यातच! खेळाडू हॉटेलातून मैदानात आणि मैदानातून हॉटेलात. चार महिने बाहेरच्या माणसाशी संबंध नाही. आम्हा सेमिनरीत वाढलेल्यांस असल्या दिनचर्येचे नवल वाटावयास नको. परंतु आमच्या वेळी निदान रविवारी मैदानाभोवती गावची पोरे तरी उभी असत.

आमच्या धर्मग्रामातील एका संत्रा-बागाईतदारांच्या ओसरीवर दूरदर्शन-संच बाहेर काढून ठेवलेला असे. त्यांचा धाकटा मुलगा नागपूरला महाविद्यालयात शिके आणि तेथील संघात गोलरक्षक होता. महाविद्यालय बंद झाल्याने तो घरी आला होता. सायंकाळी फळे साठविण्याच्या खोलीच्या भिंतीवर चेंडू आपटून तो एकटाच झेप घेण्याचा सराव करी. त्याचा धपधप आवाज रस्त्यापर्यंत येई. त्याचे एकोणिसावे वर्ष चालले होते. खेळाडूच्या आयुष्यात हे वर्ष म्हणजे शेतकऱ्याचा मृग. वाया गेला तर आद्रेचा पाऊस त्याची भरपाई करीलच असे नाही. त्याच्यासाठीच मी तेथे जाऊ लागलो. खाटा दूर दूर मांडलेल्या असत आणि आम्ही सारे तोंडास फडकी बांधून बसत असू. स्पर्धा सुरू झाली तेव्हा आंबिया बहाराची तोडणी चालली होती. ती संपेपर्यंत मृग बहाराची फळे उतरू लागली.

प्रक्षेपणात प्रेक्षकांच्या ध्वनिमुद्रित गर्जना मिसळलेल्या असत. मला ती लबाडी वाटे. मी तसे म्हणताच गृहस्थ हसून म्हणाले, “संत्र्याचं झाड कोणी पाह्यते म्हणून फळते का, फादर?” मी उत्तरलो, “झाड जाहिरातींचे पैसेही घेत नाही.” माझे ते मत आजही कायम आहे. प्रक्षेपणाचा पैसा नसता तर हा हंगाम कोणी खेळविला नसता, हे उघड आहे. परंतु पैशासाठी मांडलेल्या खेळातही खेळाडू खोटे धावत नाही, हेही त्या ओसरीवरून दिसत होते.

२७ नोव्हेंबरचा सामना त्या दृष्टीने पाहण्यासारखा होता. कलकत्त्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे परंपरागत प्रतिस्पर्धी. या लीगमधील त्यांची पहिली गाठ वास्कोच्या टिळक मैदानावर पडली. १९९७ साली फेडरेशन चषकाच्या उपांत्य फेरीत हेच संघ भिडले तेव्हा कलकत्त्यात सुमारे एक लक्ष एकतीस हजार माणसे लोटली होती, आणि भाइचुंग भूतियाने तीन गोल केले होते. येथे दोन-शून्य असा निकाल लागला, आणि तो ऐकण्यास काठावर कोणी नव्हते. आमच्या भागातील लोकांस हे समजावून सांगण्यास मी पांढुर्ण्याच्या गोटमारीचा दाखला दिला. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. पण दोन्ही काठांवर पाहणारा एकही नाही, तर त्या पात्रात कोण उतरेल? “ते बंदच पडलं तं बरं,” असे ओसरीच्या आतून घरधनीण बोलल्या. दाखला भलतीकडेच गेला; असो.

आम्हा मराठी माणसांचे लक्ष अर्थातच मुंबईकडे होते. मुंबई सिटीचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा हे स्पेनचे. आदल्या हंगामात ते गोव्याच्या संघाचे प्रशिक्षक होते. संघ आघाडीवर असताना, साखळीचे थोडेच सामने उरले असता, २०२० च्या प्रारंभी गोव्याने त्यांस निरोप दिला. ते मुंबईस आले आणि त्यांच्या मागोमाग गोव्याचे काही मोहरेही आले: मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बूमूस, आणि गोव्याचाच मंदार राव देसाई. पहिल्याच सामन्यात ईशान्येच्या नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांस १-० असे हरविले. जाहूला लाल पत्र दाखवून बाहेर काढण्यात आले. नंतर मात्र सलग बारा सामन्यांत हार नाही. आणि ती मालिका जानेवारीच्या ३० तारखेस खंडित केली ती पुन्हा त्याच नॉर्थईस्टने.

साखळीचा शेवटचा दिवस २८ फेब्रुवारी. मोहन बागानला बरोबरी पुरेशी होती, मुंबईस विजय अवश्य होता. फॉल आणि ओगबेचे यांनी पूर्वार्धातच एकेक गोल केला. दोन्ही संघांचे चाळीस-चाळीस गुण झाले. परस्परांतील दोन्ही सामने मुंबईने जिंकलेले असल्याने विजेतेपदाची ढाल मुंबईकडे गेली. या ढालीमुळेच पुढे मुंबईस आशियातील श्रेष्ठ क्लबांच्या स्पर्धेत प्रवेश मिळाला, आणि ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे इराकच्या एअर फोर्स क्लबाविरुद्ध मुंबईच्याच राहुल भेके या बचावपटूने डोक्याने निर्णायक गोल केला. त्या स्पर्धेत भारतीय क्लबाने मिळविलेला तो पहिला विजय होय.

उपांत्य फेरीत मुंबईसमोर गोवा उभा राहिला. पहिला सामना २-२, दुसरा गोलशून्य. शेवटी पेनल्टींवर निकाल लावण्याची वेळ आली तेव्हा लोबेरांनी कर्णधार अमरिंदर सिंग या गोलरक्षकास काढून फुरबा लाचेन्पा यास आणले. आमचा पोरगा खाटेवरून उठून उभा राहिला. “कॅप्टनला काढलं, फादर! शेवटच्या मिनिटाला!” एवढे बोलून तो पुन्हा बसला, तो संपेपर्यंत बोलला नाही. ६-५ असा मुंबईचा विजय झाला. निर्णायक चेंडू जाळ्यात धाडणारा रॉलिन बोर्जेस हा गोव्याचा सुपुत्र. गोव्याच्या भूमीवर, गोवेकराने, गोव्यास हरविले. आणि गोव्याच्या एकाही माणसास ते मैदानात बसून पाहता आले नाही.

अंतिम सामना शनिवार, १३ मार्च. पुन्हा मोहन बागान. अठराव्या मिनिटास डेव्हिड विल्यम्सने कलकत्त्याचा गोल केला. एकोणतिसाव्यास त्यांच्याच टिरीकडून चेंडू स्वतःच्या जाळ्यात गेला. मग पूर्वार्ध संपत आला असता मुंबईचा अमेय रानवडे हा अवघ्या तेवीस वर्षांचा मराठी तरुण प्रतिस्पर्ध्याशी धडकून कोसळला. रुग्णवाहिका मैदानात आली. त्या क्षणी ध्वनिमुद्रित गर्जना कानी पडत होत्या की नव्हत्या हे मला आठवत नाही, घरधनीण मात्र दारात येऊन म्हणाल्या, “त्याच्या मायले कोणी सांगतलं का? ते तं घरी पाहूनच रायली असंल.” हा विचार आमच्यापैकी एकाही पुरुषास सुचला नव्हता. एरवी प्रेक्षकांत एखादा भाऊ, एखादा काका असतो. तो धावत येतो. येथे आईस आपल्या पुत्राचे पडणे दूरदर्शनवर पाहावे लागले असेल. कोणी तरी संच बंद करू लागले, पण मुलाने तो करू दिला नाही. थोड्या वेळाने रानवडे शुद्धीवर असल्याचे समजले, आणि पुढील हंगामात तो पुन्हा खेळलाही. नव्वदाव्या मिनिटास मणिपूरच्या बिपिन सिंगने गोल केला आणि मुंबईस ढालीमागोमाग चषकही मिळाला.

त्यानंतर महिनाभरातच दुसरी लाट आली. आयपीएल त्या वर्षी भारतात परतली होती. ४ मे रोजी तिला मध्येच थांबावे लागले. गोव्यातील ११५ सामने त्या दोन लाटांच्या मधल्या खळग्यात बसले होते, इतकेच. ज्यांच्या ओसरीवर आम्ही ते पाहिले ते गृहस्थ एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नागपूरच्या एका रुग्णालयात वारले. मृग बहाराचे शेवटचे पैसे व्यापाऱ्याकडून यावयाचे होते. दफनभूमीत आम्ही सहा जण होतो. ज्या माणसाने गावातील एकही मयत चुकविली नाही, त्याच्या खड्ड्यावर माती लोटण्यास सहाच जण. मुलगा पायघोळ पांढऱ्या संरक्षक पोशाखात उभा होता. तो कोणता हे मला उंचीवरून ओळखावे लागले. प्रार्थना मी नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटली. भिंतीपलीकडे रस्त्यावर काही मंडळी थांबली होती असे मागाहून कळले.

त्या उन्हाळ्यात भिंतीवरचा धपधप आवाज बंद होता. पावसाळ्यानंतर तो पुन्हा ऐकू येऊ लागला. पण बागेची जबाबदारी आता त्याच्यावर आली होती, आणि नागपूरच्या संघाने दुसरा गोलरक्षक घेतला होता.

पुढील हंगामही गोव्यातच खेळला गेला, तोही बहुतांशी रिकाम्या मैदानांत. मात्र २० मार्च २०२२ च्या अंतिम सामन्यास फातोर्ड्याचे दरवाजे लोकांस उघडण्यात आले. हैदराबाद आणि केरळ. केरळातून माणसांचे लोंढे आले. आमचा मुलगा संत्र्यांच्या हिशेबातून दोन दिवस काढून नागपूरहून रेल्वेने निघाला. आईने जाऊ दिले, याचे मला आश्चर्य वाटले. सामना १-१ असा बरोबरीत राहिला आणि पेनल्टींवर गेला. तेव्हा हैदराबादचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी, जो गोव्याचाच, त्याने तीन चेंडू अडविले.

रात्री माझा दूरध्वनी वाजला. मी “बोल बाबा” म्हटले. पलीकडून शब्द एकही नाही, नुसता हजारो कंठांचा घोष. त्याने यंत्र वर धरले असावे. मी ओसरीवर जाऊन ते त्याच्या आईच्या कानाशी नेले. त्या बराच वेळ ऐकत उभ्या होत्या.