सफरचंदाची नीरा

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघे अब्बांना घेऊन धाकट्या भावाकडे अमेरिकेला गेलो होतो. भाऊ मिशिगन राज्यात, डेट्रॉईट शहराजवळ राहतो. मिशिगन म्हणजे सफरचंदांचा मुलूख. झाडांची पाने लाल-पिवळी होऊ लागली की सुट्टीच्या दिवशी तिथली कुटुंबेच्या कुटुंबे 'सायडर मिल'वर जातात. मिल म्हणजे गिरणी. पण या गिरणीतून पीठ नव्हे, सफरचंदाचा रस निघतो.

रविवारी आम्हीही निघालो. गाडीत भावाने सायडरचे नाव काढले आणि अब्बा एकदम म्हणाले, "सायडर? ती तर दारू!"

अब्बांनी उमेदीची वर्षे जहाजावर काढली. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसे तशीच बोटीवर गेली. इंग्लंडच्या बंदरांत सायडर दारूच्या गुत्त्यात विकली जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. भाऊ काही बोलणार इतक्यात मागच्या सीटवरून नऊ वर्षांच्या पुतण्याचा बारीक आवाज आला, "दादा, शाळेच्या सहलीत मी प्यायलो होतो. मग मी हराम प्यायलो का?"

गाडीत कोणीच बोलेना. पोराचे डोळे भरून आले होते. अब्बांनी त्याला जवळ ओढले आणि म्हणाले, "आधी चौकशी करू, बाळा. न पाहता बोललो, ती माझी चूक."

डेट्रॉईटच्या उत्तरेला रोचेस्टर हिल्स इथे क्लिंटन नदीच्या काठी येट्स सायडर मिल आहे. १८६३ साली ती धान्य दळण्यासाठी उभारली गेली आणि १८७६ पासून तिथे सफरचंदांचा रस काढला जाऊ लागला. चक्र फिरे ते नदीच्या पाण्याच्या जोरावर. आम्ही पोहोचलो तेव्हा लांब रांग होती. हवेत सफरचंदांचा आणि गरम डोनटचा वास होता. गोडाला हपापलेल्या गांधीलमाश्या पेल्यांभोवती घोंगावत होत्या.

खिडकीपाशी पोहोचताच भावाने सरळ विचारले, "यात अल्कोहोल आहे का?" तिथल्या बाई हसून म्हणाल्या, "नाही. हा नुसता ताजा रस आहे."

मग उलगडा झाला. ब्रिटनमध्ये 'सायडर' म्हटले की आंबवलेले मद्यच समजतात. अमेरिकेत आज नुसते 'सायडर' म्हणजे न गाळलेला ताजा रस, आणि मद्याला 'हार्ड सायडर' म्हणतात. दीड-दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही सायडर म्हणजे बहुधा आंबवलेलेच असे. म्हणजे अब्बांचे खोटे नव्हते आणि पोराचीही चूक नव्हती. नाव एक, पेये दोन.

भावाने मग अब्बांना रस काढण्याची रीत समजावून सांगितली. सफरचंदे धुऊन सालीसकट त्यांचा चुरा करतात. जुन्या पद्धतीत तो चुरा कापडात गुंडाळून थरावर थर रचतात आणि वरून दाब देतात. गोड आणि आंबट अशा वेगवेगळ्या जातींची सफरचंदे एकत्र घेतली की चव साधते. रस गाळत नाहीत, म्हणून तो गढूळ, तपकिरी दिसतो. कच्च्या रसातून रोगजंतू पोटात जाण्याची भीती असते, म्हणून बहुतेक ठिकाणी तो तापवून किंवा अतिनील किरणांखालून नेऊन विकतात.

"आणि ठेवून दिला तर?" अब्बांनी विचारले.

"मग फसफसतो. आणखी ठेवला तर त्याची दारू होते, आणि उघड्यावर राहिला तर पुढे सिरका."

अब्बांचा चेहरा उजळला. "अरे, मग ही तर सफरचंदाची नीरा!"

आपल्याकडे पहाटे माडावरून उतरवलेली नीरा किती गोड असते! ऊन चढले की तीच आंबते आणि ताडी होते. झाड तेच, मडके तेच. फरक फक्त वेळेचा. अब्बांनी पुतण्याला आणखी एक गोष्ट सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासाठी मनुका किंवा खजूर पाण्यात भिजवून शरबत केले जाई. ते दोन-तीन दिवसच प्यायले जाई. त्यानंतर उरलेले ओतून दिले जाई.

बिस्मिल्लाह म्हणून आम्ही पेले तोंडाला लावले. थंडगार, घट्टसर, आधी गोड आणि मागून जिभेवर हलकी आंबट चव. पिशवीबंद रसाला ही चव नाही. पुतण्या आधी अब्बांकडे पाहत राहिला. त्यांनी घोट घेतल्यावरच प्यायला. अल्हमदुलिल्लाह, त्याचा जीव भांड्यात पडला.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले-सुना आज परदेशात आहेत. त्यांच्याकडे गेलात तर सायडर जरूर प्या. पण देश कोणता, हे लक्षात ठेवा आणि विचारायला संकोच करू नका. अमेरिकेतही 'हार्ड' हा शब्द दिसला तर बाटली तिथेच ठेवा. बाजारात मिळणारे 'ॲपल सायडर व्हिनेगर' म्हणजे सिरका, ते वेगळे.

येताना एक मोठा कॅन घरी आणला. पुतण्याने त्यावर जाड पेनाने तारीख लिहिली आणि तो फ्रिजमध्ये ठेवला. रोज सकाळी झाकण उघडून तो वास घ्यायचा आणि अब्बांना सांगायचा, "दादा, अजून नीराच आहे."

पण ताडी व्हायची वेळच आली नाही. चौथ्या दिवशी कॅन रिकामा झाला होता.