परड

गोंदिया सोडून रायपूरच्या दिशेने निघालेली गाडी आमगावला आली, की खिडकीतून दिसते ते नुसते धान. दिवाळीचे दिवस. हलके धान कापून झालेले, बांध्यांतून कडपा पसरलेल्या. इथे डॉक्टर असलेल्या भाच्याकडे मी उतरलो, तेव्हा वेल्समधून आलेले लेकीचे पत्र खिशात होते. घोणशीच्या कुळातल्या तिथल्या सापाला 'ग्विबर' म्हणतात, शब्द मूळचा लॅटिन, आणि जुन्या गोष्टींत हा ग्विबर चक्क उडतो, असे तिने कौतुकाने कळवले होते.

मी ते वाचून दाखवले. भाचा हसला नाही. "मामा, आता माझा ग्विबर ऐका," म्हणाला.

तो इथे रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. संध्याकाळी दोघांनी एका गड्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून आणले. "परड डसली जी, डाक्टर!" आमचे चिरंजीव सदाशिव पेठेतले. त्यांच्या लेखी परडी असते ती फुलांची. ती डसणार कशी? बांबूची शीग घुसली असेल असे समजून स्वारी पायात कुसळ शोधू लागली. तेवढ्यात इथलीच एक सिस्टर आत आली. "साहेब, परड म्हणजे तुमची घोणस!"

कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटे ठेवले. गोठले नाही. घोणशीचे विष रक्तावरच घाला घालते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर इंजेक्शन एकच, त्यामुळे सापाच्या नावावाचून औषध अडत नाही. पण मुळात साप आहे हे तर कळायला हवे! गडी वाचला. कुसळ शोधण्यात गेलेली ती पाच मिनिटे मात्र भाच्याला अजून टोचतात. इंग्रजीत या सापाला रसेल नावाच्या डॉक्टरचे नाव आहे, ते त्याला कॉलेजात पाठ होते. परड कोणी शिकवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो गडी बांधीवर भेटला. धानात उंदीर, उंदरांमागे परड. कापलेल्या कडपेखाली ती गारव्याला बसते.

"ओळखायची कशी?" मी विचारले.

"पाठीवर साखळीच्या तीन ओळी असतात जी. अन् फुत्कार असा, का कुकर लागला म्हणावं."

बोलता बोलता त्याने काठीने कडप हलवली, थोडा थांबला, आणि मग उचलली.