दोन पट्ट्यांच्या मधली जागा

खरं सांगू? मला फक्त भाव खायचा होता.

साल २०१७. पुण्यात मास कॉमचं शेवटचं वर्ष. होस्टेलवर प्रत्येकाचा आपापला बँड होता, म्हणजे ऐकायचा. माझ्या वाट्याला आला ब्लॅकस्ट्रॅटब्लूज. हे कुणा अमेरिकन बुवाचं नाव नाही बरं का! हा आपल्या मुंबईचा गिटारिस्ट वॉरन मेंडोन्सा. शंकर-एहसान-लॉय यांच्यातल्या लॉयचा पुतण्या आणि एकेकाळी 'झीरो' या बँडचा गिटारिस्ट. २००७ मध्ये 'नाइट्स इन शायनिंग कर्मा' आला आणि दहा वर्षांनी चौथा आल्बम, 'द लास्ट अ‍ॅनालॉग जनरेशन'. बहुतेक सगळा शब्दांशिवाय. गिटारच बोलते, मागे ड्रम्सवर जय रो कवी, बासवर आदी मिस्त्री, की-बोर्डवर बेवन फोन्सेका.

इंडी संगीतावर लिहिणाऱ्यांनी आल्बम डोक्यावर घेतला. मीही कॉलेजच्या अंकासाठी रिव्ह्यू ठोकला. 'सोलफुल', 'लेयर्ड', 'टेक्स्चर'... जे जे शब्द इतरांनी वापरले होते ते सगळे. रिव्ह्यू छापून आला, कँटीनमध्ये दोन दिवस कॉलर ताठ!

दिवाळीला चंद्रपूरला गेले तेव्हा अंक आणि हेडफोन दोन्ही बॅगेत होते.

माझे बाबा कोळशाच्या ओपनकास्ट खाणीत नोकरीला होते. डंपरची घरघर, ब्लास्टिंगचे हादरे, असं सव्वीस वर्षं. घरी टीव्हीचा आवाज इतका मोठा की शेजारच्या काकूंना वेगळी बातमी लावायची गरज नसे! आम्ही त्यावर हसायचो. पण नोकरी लागण्याआधीची सहा वर्षं बाबा झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचे, हे मी पुण्यात कुणालाच सांगितलं नव्हतं. ब्लूज कूल होता यार. झाडीपट्टी... अं... गावाकडची.

मी बाबांच्या कानाला हेडफोन लावला. ते डोळे मिटून बसले. एक मिनिट, दोन मिनिटं. मग म्हणाले, "वरचं काही ऐकू येऊन नाही राह्यलं वं."

आधी वाटलं, हेडफोन बिघडला. मी लावून पाहिला. ठणठणीत. गिटार वर चढत होती, अगदी लख्ख. माझा अर्धा रिव्ह्यू त्या वरच्या सुरांवरच होता. आणि पेटी ऐकून 'तिसरी पट्टी उतरली आहे' असं सांगणाऱ्या माणसापर्यंत ते सूर पोचतच नव्हते. त्या दिवशी टीव्हीच्या आवाजाचा जोक आमच्या घरातून संपला.

मी हेडफोन काढायला गेले, तर त्यांनी हात धरला. "राहू दे. हा पोरगा मधात जाते."

"कशाच्या मधात?"

"पट्ट्याइच्या. आमच्या पेटीत दोन पट्ट्याइच्या मधात जागा नसते. याले आहे."

ब्लूजबद्दल मी डझनभर लेख वाचले होते, पण इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. गिटारिस्ट बोटानं तार दाबून बाजूला ताणतो आणि सूर कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मध्ये कुठेतरी जाऊन थांबतो. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या माणसांच्या गळ्यातून आलेला हा सूर. पेटीला तो जमत नाही. तिचे सूर ठरलेले. ती मींड घेऊ शकत नाही, हाच तर तिच्यावरचा मोठा आक्षेप होता. ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं!

"मग तुम्ही काय करायचे?"

"थांबा लागते," बाबा म्हणाले. "गाणारी मधात गेली का पेटीवाल्यानं हात उचला लागते."

त्याच सुट्टीत ते मला ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात नाटकाला घेऊन गेले. झाडीपट्टीचा सीझन दिवाळीनंतर रंगतो. वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीतल्या वडशाला नाटक मंडळ्यांची ऑफिसं आहेत, तिथूनच कंपन्या बुक होतात. रात्री दहाच्या पुढे पडदा, पहाटेपर्यंत खेळ, कडाक्याची थंडी आणि चादरी गुंडाळून बसलेलं अख्खं गाव. (आज तुम्हाला गुगल करायचंच असेल, तर याच रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.)

मध्यरात्री कधीतरी नायिकेनं विरहाचं गाणं घेतलं. एका जागी तिचा आवाज किंचित खाली घसरला आणि तिथेच रेंगाळला. बाबांनी माझ्या गुडघ्यावर बोट ठेवलं. ऑर्गनवाला थांबला होता. तेवढ्या क्षणापुरती ती एकटी होती. मग त्यानं अलगद सूर धरला आणि मांडवातून आरोळी उठली, "वन्स मोअर!"

परतताना बसमध्ये बाबांनी विचारलं, "तुह्या त्या गिटारवाल्याले वन्स मोअर भेटला का?"

मी म्हटलं, "खूप चांगलं लिहून आलं बाबा. मीपण लिहिलं."

"ते लिहिनारे झाले. लोकायचं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी लिहिलं होतं, पण गिटार कुठे थांबते हे एकदाही ऐकलं नव्हतं. तो अंक मी बॅगेतून बाहेर काढलाच नाही.

आता संगीतावर लिहिणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. डेडलाइन असते, शब्दमर्यादा असते, 'सोलफुल' लिहायचा मोहही होतो. बाबा रिटायर झालेत. कानाचं मशीन घेतलंय, ते बहुतेक ड्रॉवरमध्येच असतं. त्यांना ऐकवायचं असेल तर मी स्पीकर लाकडी दिवाणावर ठेवते. ते फळीवर तळहात टेकवून बसतात. खालचे सूर हाताला लागतात. वरचे मी सांगते, "आता चढला... आता मधात गेला... थांबला."

मागच्या दिवाळीला तोच आल्बम लावला होता. ट्रॅक संपला. बाबांनी हात फळीवरून उचलला नाही.

"लाव परत," म्हणाले.