काय दिसलं ते सांग

मामा दांडेलीच्या पेपर मिलमध्ये कामाला होता. पाळी संपली की सिनेमाला जाई, आणि सुट्टीत रामनगरला आमच्याकडे आला की रात्री जेवणं उरकल्यावर तो सिनेमा आम्हाला सांगे. सुप्याच्या धरणापायी काळी नदीच्या काठावरून उठवलेली पुष्कळ घरं रामनगरात आली, त्यांतलं आमचं एक. करमणूक म्हणावी असं तिथे फार काही नव्हतं, त्यामुळे शेजारपाजारची पोरंही मामाभोवती जमत. 'शोले' मी पडद्यावर बघण्याआधी त्याच्या तोंडून ऐकला. गब्बरचे संवाद त्याला पाठ होते, पण ते तर सगळ्यांनाच पाठ होते. ठाकूरचं कुटुंब मारलं जातं तिथे आला तेव्हा मात्र त्याने ठो-ठो केलं नाही. "गोळ्या थांबल्या," म्हणाला, "आणि झोपाळा करकरत राहिला." ती करकर तोंडाने काढून दाखवली आणि बराच वेळ काही बोलला नाही. पुढे बेळगावात थेटरात तो प्रसंग आला तेव्हा माझं सगळं लक्ष कानात होतं.

मामा शेवट मात्र हमखास सांगून टाकायचा. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. एरवी तो सिनेमा आमच्यापर्यंत येणार कधी?

बेळगावात कॉलेजला असताना पेपरातली परीक्षणं वाचायची सवय लागली. शुक्रवारी सिनेमा बदले, रविवारी परीक्षण येई. निम्म्या जागेत कथा. उरलेल्या निम्म्यात नायकाने भूमिकेला न्याय दिलेला असे, संगीत श्रवणीय, छायाचित्रण नेत्रसुखद, आणि संकलन थोडं काटेकोर हवं होतं. सिनेमाचं नाव बदललं तरी हा मजकूर चालला असता. हे लिहिणारा गृहस्थ सिनेमाला गेला होता का, अशी शंका यायची. गेला असणारच, पण त्याला तिथे नेमकं काय दिसलं हे त्याच्या लिहिण्यात कुठे सापडत नसे. पुढे मीही एका पुरवणीत लिहू लागलो तेव्हा हा साचा किती सोयीचा आहे ते कळलं. शेवटचा खेळ बघून रात्रीतून मजकूर द्यायचा असला की 'न्याय दिला' फार उपयोगी पडतं. परीक्षणाखाली देतात त्या ताऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. तिकिटाचे पैसे घालावेत की नाही, एवढंच ज्याला विचारायचंय त्याला तारे पुरतात.

अरुण खोपकरांचं 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' हातात पडलं आणि सिनेमाबद्दल मराठीत असंही लिहिता येतं हे कळलं. १९८५ सालचं हे पुस्तक 'प्यासा', 'कागज के फूल' आणि 'साहिब बीबी और गुलाम' या तीन सिनेमांबद्दल आहे. ते वाचल्यावर 'कागज के फूल' पुन्हा पाहिला. स्टुडिओतला तो प्रसिद्ध उजेडाचा झोत व्ही. के. मूर्ती या म्हैसूरच्या छायालेखकाने आरशांवर ऊन घेऊन आणला होता. ही माहिती रंजक आहे, आणि परीक्षणात तिच्यावर भागवायचा मोहही होतो. पण लिहायचं ते याच्या पुढचं. तो झोत दोन माणसांच्या मध्ये पडतो, दोघांना एका जागी उभं करून वेगळं ठेवतो. 'नेत्रसुखद'मध्ये हे मावत नाही.

उलट टोकाला आमचे बाबूराव पटेल. १९३५मध्ये त्यांनी 'फिल्मइंडिया' काढलं आणि भल्याभल्यांची सालटी काढली. जुने अंक वाचताना आजही हसू आवरत नाही. मात्र वाचून संपल्यावर बाबूराव कसे होते ते चांगलं कळतं आणि सिनेमा कसा होता ते कळत नाही. तरुण लिहिणाऱ्यांना हा रस्ता फार आवडतो. वाईट सिनेमावर लिहिणं सोपं असतं, टाळ्याही जास्त पडतात.

माझी खरी पंचाईत गिरीश कासरवळ्ळींच्या 'द्वीप'ने केली. धरणाचं पाणी चढतंय, गाव उठतंय, सीतापर्वतावरचं पुजाऱ्याचं एक कुटुंब मात्र तिथेच राहतं. ना. डिसोजांची कादंबरी, शरावतीच्या खोऱ्यातली. २००१चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक आणि छायालेखनाचंही. मी सीडी आणून आईला सोबत घेऊन बसलो. कचेरी आणि बाजार यांमुळे तिला कन्नड चांगलं समजे. भरपाईचा प्रसंग आला. देवळाच्या उत्पन्नावर जगणाऱ्याला जमीन नाही, म्हणून पैसे थोडे. आई म्हणाली, "किती ते राहू दे, कधी मिळाले ते विचार." पावसाकडे ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दिसायला छान दिसतो हो." सौंदर्याने केलेली नागी घर, नवरा, सासरा सगळं सावरते आणि पाणी उतरल्यावर नवरा सगळं श्रेय देवाला देतो. त्यावर आईने मान हलवली. "हे मात्र खरं."

दुसऱ्या दिवशी लिहायला बसलो तेव्हा सगळ्यात सोपं होतं ते आईची वाक्यं उतरवून काढणं. विस्थापित बाईने विस्थापितांचा सिनेमा पाहिला. वाचकांचे डोळे पाणावले असते. पण आई सुपं बघत होती. एकशे एक मीटर उंच धरणामागे गेलेलं आमचं गाव, तिथली आमची पडवी. कासरवळ्ळींनी सुप्यावर सिनेमा केलेला नव्हता, आणि सुप्याशी किती जुळतो यावर त्याला मार्क देणं अन्यायाचं झालं असतं. तरी तिचं पावसाबद्दलचं वाक्य मला सोडेना. जो पाऊस घर बुडवणार आहे तो इतका देखणा का? यावर मी दोन-तीनदा सिनेमा लावून बघितला. माझं मत असं झालं की देखणेपणा दिग्दर्शकाला हवाच होता. ज्या जागेवरून पाय निघत नाही ती जागा प्रेक्षकालाही सोडवू नये म्हणून. काही ठिकाणी मात्र कॅमेरा नागीला विसरून पावसातच रमतो, असंही मला वाटलं. दोन्ही लिहिलं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "एवढं कशाला? चांगला आहे म्हण की."

माहितगार प्रेक्षकाची आणखी एक गंमत आहे. २०१३ साली 'चेन्नई एक्स्प्रेस' आला तेव्हा कॅसलरॉक, रामनगर, लोंढा या सगळ्या टापूत एकच चर्चा होती. मुंबईहून चेन्नईला निघालेली गाडी दूधसागरवर पोचली कशी? ती जाते सोलापूर-वाडीकडून. रेल्वेत नोकरी केलेले आमचे शेजारी तर थेटरातून तावातावानेच बाहेर आले. माझ्या मते रोहित शेट्टीच्या सिनेमात ही चूक क्षम्य आहे. तिथे माणसंही रेल्वेच्या नियमाने चालत नाहीत. हीच चूक 'द्वीप'सारख्या सिनेमात असती तर मी पहिल्या परिच्छेदात लिहिली असती. कुठली चूक सिनेमाला लागते आणि कुठली फक्त आपल्याला टोचते, हे तपासायला सिनेमाच पुन्हा बघावा लागतो, नकाशा नव्हे.

अलीकडे जोयड्यातली एक कॉलेजची मुलगी तिने लिहिलेलं परीक्षण घेऊन आली. सिनेमा जब्बार पटेलांचा 'जैत रे जैत', १९७७चा, तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. पहिलाच शब्द 'अप्रतिम'. मग स्मिता पाटीलचा सहजसुंदर अभिनय, हृदयनाथांचं अवीट संगीत. मी विचारलं, "तुला काय दिसलं ते सांग." ती गप्प. मग चाचरत म्हणाली, आमचे आजोबा मध काढतात; पोळ्याकडे जाताना ते रागावलेले मी कधी बघितलेले नाहीत. सिनेमातला नाग्या मात्र रागाने चढतो. राणी माशीने त्याचा डोळा घालवला त्याचा सूड म्हणून. मी म्हटलं, मग सिनेमा चुकला का? ती विचारात पडली. चुकला नसेल, म्हणाली. त्याला राग नसता तर तो पोळ्यांच्या त्या सुळक्यावर गेलाच नसता, आणि स्मिता पाटीलची चिंधीही त्याच्या मागे गेली नसती. आजोबा सिनेमात असते तर मध मिळाला असता, गोष्ट झाली नसती.

हे सगळं तिला लिहायला लावलं. चांगलं पानभर झालं. आजोबा धूर कसा करतात, किती मध मागे ठेवतात, आणि नाग्या काहीच मागे ठेवायला तयार नसतो ते. शेवट सांगितला नव्हता, हे विशेष. मी फक्त सुरुवातीचं 'अप्रतिम' खोडलं. पुढच्या आठवड्यात तिने पक्की प्रत आणली, तर तो शब्द शेवटच्या ओळीत परत आलेला. तिथे तो राहू दिला.