दुबई : खिसा सांभाळून पाहिलेली

दुबई म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे येतात. एक, सोन्याने मढलेल्या श्रीमंतांचे शहर. दुसरे, गल्लीतल्या कोणाचा तरी मुलगा एजंटाला पैसे भरून जिथे कामाला गेला ते गाव. दोन्ही चित्रे खरी आहेत. मोठ्या हॉटेलात उतरणाऱ्याला बहुधा पहिलेच दिसते. खिसा सांभाळून फिरणाऱ्याला मात्र दोन्ही पाहायला मिळतात.

आमचा धाकटा सहा वर्षांपासून तिथे एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. यंदा त्याचाच आग्रह होता की आई-बाबांनी एकदा येऊन जावे. नात्यातले म्हणाले, तेवढ्या पैशात गावच्या घराचा स्लॅब पडला असता. त्यांचे काही खोटे नव्हते. तरी आम्ही दोघे फेब्रुवारीत पाच दिवसांसाठी गेलो. ज्यांच्या घरचे कोणी आखातात आहे आणि ज्यांच्या मनात असा विचार कधीतरी येऊन जातो, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

आधी हिशेब. तिथले चलन दिरहम. १९९७ पासून एका अमेरिकन डॉलरला ३.६७२५ दिरहम हा भाव बांधून ठेवलेला आहे. त्यामुळे आपला रुपया डॉलरपुढे घसरला की दिरहमही महाग होतो. सध्या एका दिरहमला चोवीस रुपयांच्या आसपास पडतात. म्हणून तिथे पाऊल ठेवताच आपल्या माणसाच्या डोक्यात चोवीसचा पाढा सुरू होतो, तो परत येईपर्यंत थांबत नाही. गंमत अशी की एके काळी तिथे आपलाच रुपया चालत असे. १९५९ साली भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या. १९६६ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले आणि त्यांनी आपले चलन सोडले. त्याच वर्षी दुबईला तेल सापडले. पुढे १९७१ मध्ये अमिरातींचा देश झाला आणि १९७३ मध्ये दिरहम आला.

राहण्यासाठी देरा भाग बरा. जुनी वस्ती, गजबज, आपल्यासारखी माणसे. साधी खोली आम्हाला रात्रीला एकशे चाळीस दिरहममध्ये मिळाली. पण लक्षात ठेवा, खोलीच्या भाड्याशिवाय दर रात्रीचा एक पर्यटन कर हॉटेलवाला वेगळा घेतो. हॉटेलच्या दर्जाप्रमाणे तो सात ते वीस दिरहम असतो. आधी विचारून घेतले की दारात वाद होत नाही. व्हिसा काढताना परतीचे तिकीट आणि हॉटेलच्या नोंदणीचा कागद तयार ठेवावा. जायचे तर नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा पायी फिरणे विसरा.

आणि बायकांसाठी एक खास सूचना. मुलासाठी लाडू, अनारसे, मसाला करून नेणार असाल तर त्यात खसखस नको. तिथे खसखस अमली पदार्थांत मोडते, कायद्याने बंदी आहे. गुटखाही नको. खोकल्याची काही औषधे आणि वेदनेच्या काही गोळ्याही चालत नाहीत. रोजची औषधे असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी. मी डिंकाचे लाडू खसखस न घालता केले. एका रात्रीत डबा रिकामा झाला, म्हणजे चवीत फारसे बिघडले नसावे.

देरा आणि बर दुबई यांच्या मधून खाडी जाते. ती ओलांडायला लाकडी होड्या आहेत, त्यांना अब्रा म्हणतात. भाडे एक दिरहम. मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून वीसेक माणसे बसतात आणि पाच-सात मिनिटांत पलीकडे. साऱ्या दुबईत यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा चांगले काही नाही, असे माझे मत आहे. आम्ही रोज संध्याकाळी गेलो, दोनदा तर नुसतेच गेलो आणि परत आलो. देराच्या धक्क्यावर इराण आणि आफ्रिकेकडे जाणारी लाकडी गलबते उभी असतात, त्यांत फ्रीज, टायर, गाद्या भरणे चालू असते. ओझी उचलणारे हात बहुतेक आपल्याच भागांतले. भारत, पाकिस्तान, बांगलादेश.

हे शहर तेलाच्या आधी याच खाडीवर जगले. समुद्रातून मोती काढणे हा धंदा. १९३० च्या सुमारास जपानचे कृत्रिम मोती बाजारात आले, त्यात जगभर मंदी, आणि तो धंदा बसला. पलीकडच्या अल फहिदी मोहल्ल्यात इराणहून आलेल्या व्यापाऱ्यांची जुनी घरे आहेत. त्यांच्या छपरावर चौकोनी मनोरे दिसतात. वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडायचा, अशी ती विजेआधीची सोय. आमचा मुलगा मान वर करून म्हणाला, "बाबा, हा आमच्या धंद्याचा आजोबा." त्या गल्ल्यांतून फिरायला पैसे पडत नाहीत.

सोन्याचा बाजारही फुकट पाहावा. तिथे सुमारे ६४ किलोची अंगठी केली आहे. ती कोणाच्या बोटाला, हे विचारू नये! घेण्याच्या मोहात मात्र पडू नका. दागिने सीमाशुल्काशिवाय आणण्याची सवलत एक वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांनाच आहे. चार दिवसांच्या पाहुण्याला ती लागू नाही.

मेट्रो ९ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झाली. गाडीला ड्रायव्हर नाही. नोल नावाचे कार्ड पंचवीस दिरहमला मिळते, त्यात एकोणीस दिरहम प्रवासासाठी असतात. अंतराप्रमाणे एका खेपेला तीन, पाच किंवा साडेसात दिरहम कापले जातात. बायका-मुलांचा डबा वेगळा आहे. त्यात पुरुष चढला तर शंभर दिरहम दंड, आणि कोणत्याही डब्यात खाल्ले-प्यायले तरी शंभर. आमच्या ह्यांनी सवयीने चण्याची पुडी काढली, तेव्हा शेजारच्या केरळी बाईने डोळ्यांनीच खुणावले. टॅक्सीत बसले की कमीत कमी बारा-तेरा दिरहम जातात, म्हणून ती सामान असेल तेव्हाच.

बुर्ज खलिफा खालून पाहिली. ८२८ मीटर उंच, ४ जानेवारी २०१० ला उघडली. वर जायचे तिकीट दीडशे दिरहमच्या पुढेच. आम्ही गेलो नाही आणि हळहळलोही नाही. मेट्रो स्टेशनपासून पाऊण किलोमीटरचा झाकलेला पूल थेट आत नेतो. संध्याकाळी दर अर्ध्या तासाने तळ्यातले कारंजे गाण्याच्या तालावर नाचते, त्याला तिकीट नाही. गर्दीत उभे असताना मला वाटून गेले की हिच्या पायथ्याशी ज्यांनी काँक्रीट ओतले त्यांची नावे कुठे दिसत नाहीत. मार्च २००६ मध्ये याच इमारतीच्या मजुरांनी पगार आणि वागणुकीवरून निदर्शने केली होती. त्या देशात कामगारांना युनियन करता येत नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरात लाल बावटा किंवा निळा झेंडा घेऊन मोर्चाला गेलेली माणसे आहेत, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

खाण्याची ददात पडत नाही. करामा आणि देरा भागात केरळी खानावळी आहेत, पंधरा-वीस दिरहममध्ये पोटभर भात-मासे. चहाला तिथे करक म्हणतात, म्हणजे आपला कडक. एक-दोन दिरहमला मिळतो. जेबेल अलीला २०१२ मध्ये उघडलेला गुरुद्वारा आहे. तिथे लंगर सर्वांना खुला. साहेब, ड्रायव्हर, मजूर एका ओळीत जमिनीवर बसतात आणि कोण कुठला हे कोणी विचारत नाही. आम्ही दोन वेळा जेवलो, मग मीही वाढायला उभी राहिले.

रविवारी मुलाला सुट्टी होती. २०२२ पासून तिथे आठवड्याची सुट्टी शनिवार-रविवार झाली आहे, पण त्याच्यासारख्यांना एकच दिवस. त्याच्या राहण्याच्या जागेचे नाव सोनापूर. मुंबईकराला सोनापूर म्हटले की स्मशान आठवते, तिथे ते कामगारांच्या छावण्यांचे नाव आहे. पाहुण्यांना आत सोडत नाहीत. फाटकाबाहेरून गॅलऱ्यांतले वाळत घातलेले निळे डगले दिसले, मजल्यामागून मजला.

"किती जण राहता रे एका खोलीत?"

"सहा. पण एसी आहे, आई."

त्याचा नांदेडकडचा एक सोबती धावत बाहेर आला, "जयभीम काकी" म्हणाला आणि माझ्या हातात थंड पाण्याची बाटली दिली. त्याची आई वारली तेव्हा त्याला जाता आले नव्हते, हे मुलाने नंतर सांगितले. भर उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घ्यायला बंदी आहे. बाकीचे तास उन्हाचेच.

या मुलांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली. "आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे कामाचा करून देतो," असे एजंट सांगतो. ऐकू नका. व्हिजिट व्हिसावर काम करणे तिथे गुन्हा आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर परदेशी नोकरीसाठी मंजुरी लागते, ती सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेतून मिळते. एजंट नोंदणीकृत आहे का, तेही तिथेच कळते. त्याची फी कायद्याने जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि वर कर. त्याबरोबर दहा लाखांचा विमाही असतो. मालकाने पासपोर्ट ठेवून घेणे तिथल्याही कायद्यात बसत नाही.

आमचा दोघांचा सगळा खर्च, तिकीट, व्हिसा, राहणे, खाणे धरून, ऐंशी हजारांच्या आसपास आला. त्यातला निम्मा मुलाने उचलला. आमचे विमान दुपारचे, पण त्याच्या कंपनीची बस पहाटे पाचला सुटते. म्हणून निरोप आदल्या रात्रीच, युनियन स्टेशनवर घेतला. सकाळी आम्ही टॅक्सीने जाणार होतो. दोन्ही नोल कार्डांत मिळून अकरा दिरहम उरले होते. ह्यांनी ती काढून त्याच्या हातात ठेवली.