दाताची खूण

२०२२ सालचा कार्तिक. पहाटे पाचला आई काकड्याला निघाली होती. घरापासून विठ्ठलाचं देऊळ जेमतेम दहा मिनिटांवर, चाळीस वर्षांची पायाखालची वाट. ओढ्याच्या पुलाजवळ मोटरसायकलवरून दोघे आले. "आजी, स्टँड कुठं आलं?" असं विचारलं. आई हात वर करून दिशा दाखवते आहे तोच मागे बसलेल्याने गळ्यात हात घातला. आईने गंठण मुठीत घट्ट धरलं. ओढाताणीत ती रस्त्यावर आपटली आणि उजवं मनगट मोडलं. मुठीत काळ्या मण्यांचा एक तुकडा तेवढा राहिला.

मला हे पुण्यात फोनवर कळलं. त्या वेळी माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य आजही मला बोचतं. "एवढ्या अंधारात सोनं घालून जायची काय गरज होती?" माझ्या वडिलांनी, अप्पांनी, तेच विचारलं होतं, शेजाऱ्यांनीही तेच. संध्याकाळी मी गावी पोचले तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. हाताला प्लास्टर होतं. "चुकलंच माझं," एवढंच ती म्हणाली.

तोवर पोलिसांत काहीच झालेलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी इजेची पोलिसांसाठी असते तशी नोंद केली होती, एवढीच काय ती जमेची बाजू. तिथून अप्पा तिला घेऊन ठाण्यात गेले. एका ठाण्यात सांगितलं, "पुलापलीकडची हद्द आमची नाही." दुसऱ्या ठाण्यात सांगितलं, "साहेब बंदोबस्ताला आहेत, उद्या या." मोडका हात ओढणीत अडकवून आई दोन्ही ठिकाणी बाकावर बसून राहिली होती. चोराने पाडलं त्यापेक्षा त्या बाकांनीच तिला जास्त खचवलं, हे मला फार उशिरा समजलं.

रात्री एका वकील मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "उद्या तालुक्याच्या कोर्टात जा. विधी सेवा समिती विचार. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही." हा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचा हक्क आहे. स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांच्यासाठी मिळकतीची अट नाही. १५१०० हा त्यांचा फोन नंबर. मी बँकेत नोकरी करते, रोज कागद हाताळते, तरी मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

समितीच्या खोलीत एक निवृत्त शिक्षिका विधी स्वयंसेवक म्हणून बसत. सगळे त्यांना ताई म्हणायचे. मी सगळं सांगितलं, तशा त्या उठल्याच. "आधी आईंना भेटू," म्हणाल्या. घरी येऊन आईच्या उशाशी बसल्या आणि विचारलं, "हात फार ठणकतोय का? काही खाल्लंय का सकाळपासून?" सोन्याचं नाव काढलं नाही, अंधाराचंही नाही. आदल्या दिवसापासून हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. आई तेव्हा पहिल्यांदा रडली.

मग त्या आमच्यासोबत ठाण्यात आल्या. आवाज चढवला नाही. शांतपणे दोन गोष्टी सांगितल्या. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की तो नोंदवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केलं आहे. आणि हद्द दुसऱ्याची असली तरी गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून त्या ठाण्याकडे पाठवता येतो. तासाभरात फिर्याद लिहून झाली आणि आईने तिच्यावर डाव्या हाताचा अंगठा उठवला. तेव्हाच्या दंड संहितेचं कलम ३९४, जबरी चोरी करताना दुखापत. ताईंनी फिर्यादीची प्रत मागून घेतली. ती फिर्यादीला विनामूल्य द्यावीच लागते. पुरवणी जबाबासाठी महिला हवालदार घरी आल्या. स्त्रीला जबाबाकरता ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या घरी जावं लागतं, हेही मला त्या दिवशी कळलं. हवालदारबाईंनी चहा घेतला आणि जबाब सावकाश वाचून दाखवला. सातवी शिकलेल्या आईला फिर्यादीवर अंगठा दिल्याची लाज वाटत होती. "हात बरा होईल काकू, मी परत येईन," असं म्हणून त्या गेल्या.

चार महिन्यांनी दोघे दुसऱ्या जिल्ह्यात सापडले. बरंचसं सोनं वितळवलेलं होतं. एका सराफाकडून एक वाटी तेवढी हस्तगत झाली. दोन वाट्यांपैकी एक माहेरची, एक सासरची. सापडली ती माहेरची. पण सापडलेली वस्तू लगेच घरी येत नाही. ती मुद्देमाल होते, पाकिटात सीलबंद होते आणि खटला संपेपर्यंत तशीच राहील की काय, असं वाटू लागतं. इथे समितीने दिलेल्या वकीलबाई कामी आल्या. सुंदरभाई देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगून ठेवलं आहे की दागिन्यांचे फोटो काढावेत, सविस्तर पंचनामा करावा, हमी घ्यावी आणि ते मालकाला परत द्यावेत. वर्षानुवर्षं ठाण्यात पडू देऊ नयेत. त्याच आधारावर अर्ज केला. आदेश झाला आणि आईने वाटी सुपुर्दनाम्यावर घेतली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तर अशा मालाची यादी आणि विल्हेवाट यांना दिवसांची मुदतच घातली आहे. तपास कुठवर आला हे पीडित व्यक्तीला ९० दिवसांच्या आत कळवण्याचं बंधनही तीत आहे. आमच्या वेळी मात्र ते कळवायला कुणी आलं नव्हतं. ताईच फोन करून विचारत राहायच्या.

त्या खेपांत कोर्टाच्या व्हरांड्यात एक बाई नेहमी दिसायची. तिच्या अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाला होता. ताईंनी तिचा मनोधैर्य योजनेचा अर्ज भरून दिला. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी राज्य सरकारची ही योजना २०१३ पासून आहे. खून किंवा कायमचं अपंगत्व अशा इतर प्रकरणांत भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. आईला अपंगत्व आलं नाही, म्हणून आम्ही तो केला नाही. त्या मुलीला पोक्सो कायद्याने एक आधार-व्यक्ती मिळाली होती, खटला संपेपर्यंत तिच्यासोबत राहणारी. ते ऐकून मी थांबलेच. लहान मुलाला सोबत लागते हे कायद्याला उमगलं आहे. अडुसष्ट वर्षांच्या बाईलाही ती लागते, हे आपण आपल्या घरात ओळखायचं आहे.

२०२४ मध्ये आईची साक्ष झाली. समन्स आल्यापासून तिची झोप उडाली होती. आरोपी समोर असणार, ही भीती. सरकारी वकिलांनी सरतपास घेतला. उलटतपासात आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "अशा वाट्या घरोघरी असतात. ही तुमचीच कशावरून?"

आईने वाटी हातात घेतली, कडेवर बोट टेकवलं. "इथं चेप आहे बघा. माझी लेक आठ महिन्यांची होती, दात येत होते. मांडीवर बसून ही वाटी चावायची. तिच्या दाताची खूण आहे ही. आजवर मी ती सरळ करून घेतली नाही."

मी मागच्या बाकावर होते. ती खूण माझी आहे, हे मला तोवर ठाऊकही नव्हतं. ज्या लेकीची आठवण तिने गळ्यात जपली, त्याच लेकीने तिला पहिला प्रश्न काय विचारला होता? घरी येताना रिक्षात मी तिची माफी मागितली. तिने आपला दुखरा हात माझ्या हातावर ठेवला, बोलली काही नाही.

या दोन वर्षांत मला एक कळलं. मदत आहे, कायद्यात आहे, योजनांत आहे, तालुक्याच्या कोर्टातल्या त्या खोलीत आहे. ११२ आहे, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे. पण मार बसलेलं माणूस तिथवर एकटं चालत जाऊ शकत नाही. अपराध त्याने केलेला नसतो, तरी मान त्याचीच खाली गेलेली असते. म्हणून त्याच्या शेजारी बाकावर बसायला कुणीतरी लागतं. ताई कायदा बोलल्या त्याच्या आधी जेवलीस का म्हणाल्या, आणि आमचं पुढचं सगळं तिथून हललं.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका सुनेला फोनवरून कुणीतरी फसवलं, खात्यातले पैसे गेले. दारात बायका जमल्या. कुणी म्हणालं, शिकलेली असून अशी कशी फसलीस? आई गर्दीतून आत गेली, तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, "एकोणीसशे तीसला आत्ताच्या आत्ता फोन लाव. लवकर कळवलं तर पैसे वाटेत अडवता येतात, म्हणे. लाव तू, मी इथंच बसलेय."